खवळलेल्या किनाऱ्यासाठी जुनी स्पीडबोट कशी निवडावी : नाशिकच्या खरेदीदारांसाठी मार्गदर्शन

जुन्या स्पीडबोटीच्या जाहिरातीत पहिली ओळ बहुधा वेगाची असते आणि दुसरी इंजिनाच्या तासांची. दोन्ही आकडे बिनमहत्त्वाचे नाहीत. परंतु आपल्या कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा सुटल्यानंतर बोट किती जोरात पळते याला फारसा अर्थ उरत नाही. ती किती कमी वेगात पाण्यावर उचललेली राहते आणि लाट ओलांडून खाली येताना कशी टेकते, या दोन गोष्टींवर प्रवासाचे सुख आणि सुरक्षितता ठरते. खरेदीदाराने विक्रेत्याला विचारायचे पहिले प्रश्न हेच असावेत आणि सगळी तपासणी त्यांच्याच अनुषंगाने करावी, असे माझे मत आहे.

नाशिकच्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण पाण्यावरचा त्याचा अनुभव बहुतेक वेळा गंगापूर धरणाचा किंवा फार तर एखाद्या सहलीतल्या फेरीचा असतो. धरणाच्या पाण्यावर चपट्या तळाची बोट उत्तम धावते, झटकन उचलते आणि पेट्रोलही कमी पिते. त्याच अनुभवावर विसंबून कसारा घाट उतरून मांडव्याला बोट पाहायला गेलेला माणूस सकाळी नऊच्या आरशासारख्या पाण्यावर चक्कर मारतो, खूश होतो आणि विसार देऊन परततो. तीच बोट दुपारी तीन वाजता रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी कशी वागते, हे त्याला पैसे दिल्यानंतर कळते.

आधी पाणी समजून घ्यावे

ऑक्टोबर ते मे हा आपल्या किनाऱ्यावरचा बोटीचा हंगाम आहे. या काळात सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो किंवा तोही नसतो. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून समुद्री वारा सुटतो आणि सूर्य कलेपर्यंत टिकतो. हा वारा किनाऱ्याजवळ आखूड, उभ्या चढाच्या लाटा उठवतो. लाट मीटरभरच उंच असली, तरी दोन लाटांमधील अंतर कमी असल्यामुळे लहान बोटीला प्रत्येक लाट स्वतंत्रपणे झेलावी लागते. खोल समुद्रातील दोन मीटरची लांब फुगवट एक वेळ परवडते, पण ही मीटरभराची खडबड परवडत नाही.

यात भरती-ओहोटीची भर पडते. मुंबई परिसरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो आणि एवढे पाणी सहा तासांत खाड्यांमधून बाहेर जाते. भरतीची वेळ काढण्याचा कोळीवाड्यातला जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीचा तास साधारणपणे मिळतो. पौर्णिमा आणि अमावास्या या पंधराव्या तिथी धरल्या की उत्तर सव्वाअकरा येते. प्रत्यक्षात त्या दिवशी पाणी बाराच्या सुमारास पूर्ण भरते. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारभर जोरदार ओहोटी पश्चिमेकडे वाहत असते आणि नेमका त्याच वेळी वायव्येचा वारा तिच्या तोंडावर येत असतो. वारा आणि ओढ एकमेकांविरुद्ध आले की लाट आखूड आणि उंच होते, आणि खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध असेल तर ती तिथेच फुटते. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या मुखांशी ये-जा करणाऱ्या तांडेलांना, म्हणजे बोटीच्या नाखव्यांना, हे पाठ असते. बोट निवडताना हीच परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवावी. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांचा विचारही करू नये. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते, आणि त्या समुद्रासाठी हौशी बोट शोधण्यात अर्थ नाही.

तळाचा आकार

खडबडीत पाण्यात वेगाने जाणाऱ्या बोटीचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल असावा लागतो. हा उतार नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी, सर्वच बोटींना असतो, पण तो मागे इंजिनापर्यंत टिकतो की सपाट होत जातो हे पाहणे महत्त्वाचे आहे, कारण वेगात नाळ हवेत असते आणि आदळणारा भाग मागचा अर्धा असतो. अमेरिकी आरेखक रे हंट यांनी मागच्या टोकापर्यंत खोल राखलेल्या तळाची ‘मॉपी’ ही बोट 1960 च्या मायामी–नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रातून पहिली आली. तेव्हापासून खुल्या समुद्रातील वेगवान बोटींचा हा आकार जवळपास ठरून गेला आहे.

ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीपाशी, तळाचा आडव्या रेषेशी होणारा कोन हा ‘डेडराइज’ होय. तो 22 ते 24 अंश असेल तर बोट आपल्या किनाऱ्यासाठी योग्य समजावी. 20 अंशांची बोटही लांब आणि वजनदार असेल तर चालते. 15–18 अंशांच्या बोटी धरणासाठी आणि सकाळच्या फेरीसाठी ठीक आहेत. हा आकडा विक्रेत्याच्या तोंडून न घेता स्वतः मोजावा, आणि त्यासाठी मोबाइलमधील लेव्हल दाखवणारे अ‍ॅप पुरते. बोट ट्रेलरवर असताना मागून खाली वाकावे, तळावरच्या उंचवट्याच्या लांबट पट्ट्या टाळून दोन पट्ट्यांमधल्या सपाट भागावर आडवी पट्टी धरावी आणि तिला मोबाइल टेकवून अंश पाहावेत. एका बाजूला 25 आणि दुसऱ्या बाजूला 21 असे आले तर घाबरू नये. ट्रेलर कललेला असतो, म्हणून दोन्ही बाजूंची सरासरी घ्यावी.

खोल तळाची किंमतही मोजावी लागते. अशी बोट उभी असताना डुलते, तिला उचलायला अधिक ताकद लागते आणि ती पेट्रोल अधिक पिते. शिवाय केवळ कोन पुरेसा नाही. लांबी 26 फुटांच्या पुढे असावी, कारण लांब बोट एका लाटेवरून दुसरीवर पूल टाकल्यासारखी जाते. वजनही हवे. हलकी बोट लाटेवरून उडते, आणि उडालेली बोट पुन्हा पाण्यावर आदळतेच. अनेक शर्यती वळणाच्या बोटी लांब, अरुंद आणि अतिशय हलक्या असतात. त्या कुशल चालकाच्या हातात सुंदर दिसतात, पण कुटुंबाला घेऊन मुरूडला जायला त्यांचा उपयोग नाही.

सुरुवातीला म्हटलेला कमीत कमी वेगाचा मुद्दा इथे येतो. लाटा वाढल्या की चालकाला वेग कमी करावाच लागतो. एखादी बोट 20 नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) खाली येताच मागे बसत असेल आणि नाळ आभाळाकडे जात असेल, तर चालकापुढे दोनच पर्याय उरतात. वीसच्या वर आपटत जायचे किंवा सात-आठ नॉटने लोळत जायचे. जी बोट ट्रिम टॅब (ट्रान्समच्या तळाशी बसवलेल्या, खाली-वर होणाऱ्या पट्ट्या) खाली केल्यावर 14–15 नॉटलाही पाण्यावर उचललेली राहते, ती दुपारच्या समुद्रात माणसांना न थकवता घरी आणते. म्हणून चालू स्थितीतील मोठे ट्रिम टॅब हा माझ्या मते चैनीचा भाग नसून गरज आहे.

तळाला आडव्या पायऱ्या असलेल्या बोटी त्याच ताकदीत अधिक वेग देतात. परंतु चुकीच्या ट्रिमवर, म्हणजे नाळ चुकीच्या प्रमाणात वर-खाली झुकलेली असताना, जोरात वळवल्यास त्यांचा मागचा भाग एकाएकी घसरून बोट गरकन फिरू शकते. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याने पहिली बोट म्हणून पायऱ्यांची घेऊ नये. समोर उघडी बसायची जागा असलेली बोटही टाळावी. नाळेवरून आत आलेले पाणी तिथेच साठते आणि नाळ अधिक खाली जाते. कॉकपिटचा तळ पाण्याच्या पातळीच्या वर असावा आणि आत आलेले पाणी आपोआप मागून निघून जावे.

युरोपीय बनावटीच्या किंवा त्या बाजारासाठी बांधलेल्या बोटीवर युरोपीय मानकांची सीई पाटी असते. तिच्यावरचा ‘बी’ वर्ग म्हणजे बोफर्ट मोजपट्टीवर 8 पर्यंतचा वारा आणि 4 मीटरपर्यंतची लाट, तर ‘सी’ वर्ग म्हणजे 6 पर्यंतचा वारा आणि 2 मीटरपर्यंतची लाट गृहीत धरून केलेली रचना होय. ‘डी’ वर्गाची बोट समुद्रासाठी पाहूच नये.

फायबरच्या आत काय आहे

इंजिन बदलता येते. कुजलेला सांगाडा दुरुस्त करण्याचा खर्च मात्र अनेकदा बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. जुन्या फायबर बोटींच्या ट्रान्सममध्ये आणि तळाच्या लांब आधारपट्ट्यांमध्ये, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, बहुधा प्लायवूड असते. ट्रान्समला पाडलेल्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरले की ते लाकूड आतल्या आत कुजते आणि बाहेरून रंग मात्र चकाकत राहतो.

तपासणीसाठी स्क्रू-ड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ पुरेशी आहे. इंजिनाच्या बोल्टपासून सुरुवात करून हातभर अंतरात तिने हलके ठोकत जावे. निरोगी फायबर टणक, कोरडा आणि छोटा आवाज देते. मूठ उसळून परत येते. एखाद्या ठिकाणी आवाज भरल्यासारखा, मंद होतो आणि मूठ उसळत नाही. त्या जागेभोवती पेन्सिलीने खूण करत जावे. बहुतेक वेळा तयार होणारा आकार खालच्या बोल्टाकडून किंवा पाणी सोडण्याच्या बुचाकडून वर पसरलेला दिसतो आणि पाणी कोठून शिरले ते सांगतो. त्यानंतर आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समला बाहेरून टांगलेले, इंजिन पूर्ण वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली जोर द्यावा, आणि दुसऱ्याने ट्रान्समकडे पाहावे. फळी वाकताना दिसली किंवा बोल्टाभोवती पाणी झिरपले, तर ती बोट तिथेच सोडावी.

पृष्ठभागावरच्या प्रत्येक बारीक तड्याला घाबरण्याचे कारण नाही. क्लीटभोवती (दोर बांधायच्या खुंट्याभोवती) किंवा रेलिंगच्या पायाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पडतातच. चिंतेचे तडे वेगळे असतात. तळाच्या कण्याला समांतर जाणारे, स्ट्रिंगरच्या रेषेत दिसणारे किंवा आतल्या आडव्या भिंतीच्या जागी बाहेर उमटलेले तडे बोट वारंवार आपटल्याची खूण आहेत. आतून टॉर्च मारून स्ट्रिंगर आणि तळ यांचा जोड पाहावा. जोडाची फायबर पट्टी सुटली असेल तर तिथे पांढरट रेघ दिसते आणि नख आत जाते. डेक आणि हल (बोटीचे खालचे कवच) यांच्या जोडावरील रबरी पट्टी काही ठिकाणी वर करून खालचे स्क्रू ढिले किंवा गंजलेले आहेत का ते पाहावे. आसनांचे बोल्ट हलवून पाहावेत. सीटचे बोल्ट ज्या बोटीत दोनदा मोठे केलेले दिसतात, ती कशी चालवली गेली हे मालकाला विचारावे लागत नाही.

तळाच्या मागच्या दीड मीटर भागाला सरळ पट्टी लांबीने टेकवावी. चुकीच्या ट्रेलरवर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या बोटीचा तळ तिथे खोलगट होतो आणि मग ती वेगात नाळ खाली दाबू लागते. ट्रेलर कधीच न बदललेल्या बोटीत हे विशेष पाहावे.

ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात कोरलेला हल क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा. अमेरिकी बोटींवर तो 12 अक्षर-अंकांचा असतो आणि 1984 नंतरच्या पद्धतीत शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. ‘2015 ची बोट’ म्हणून दाखवलेल्या बोटीवर शेवटी 06 निघू शकते. 2015 हे ती भारतात आल्याचे वर्ष असते.

इंजिन

नाशिकच्या खरेदीदाराने आउटबोर्ड इंजिनांचीच बोट घ्यावी, असे मी स्पष्टपणे सुचवेन. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन आत आणि गिअरचा पाय बाहेर असतो. त्या दोहोंमधले रबरी बेलो फाटले की समुद्र थेट आत येतो, आणि ते दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात. समुद्राच्या पाण्याने थेट थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनांचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर आतून गंजतात. खाऱ्या पाण्यात पाच-सहा वर्षांत ते बदलायला येतात, आणि न बदलल्यास पाणी सिलिंडरमध्ये उतरून इंजिन बसते. जो माणूस बोटीपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर राहतो, त्याने ही जबाबदारी ओढवून घेऊ नये. आउटबोर्ड पाण्याबाहेर पूर्ण उचलता येते, गोड्या पाण्याने धुता येते आणि वेळ आल्यास काढून कार्यशाळेत नेता येते.

एक इंजिन की दोन, या प्रश्नावर मी दोनच्या बाजूने आहे. पश्चिमेचा वारा बंद पडलेल्या बोटीला किनाऱ्याच्या खडकांकडे ढकलतो, आणि खांदेरी-उंदेरीपासून चौल कडूपर्यंत खडकांची वाण नाही. मात्र दोन्ही इंजिने एकाच टाकीतून आणि एकाच फिल्टरमधून पेट्रोल घेत असतील, तर पाणीमिश्रित पेट्रोल दोघांनाही एकदम बंद पाडते. दोन स्वतंत्र फिल्टर तरी असलेच पाहिजेत.

तासांच्या आकड्याबद्दल सावध राहावे. बारा वर्षांच्या बोटीवर साठ तास ही कौतुकाची बाब नाही. ती बोट बहुतांश काळ बंद उभी होती, असा त्याचा अर्थ आहे आणि खाऱ्या हवेत बंद उभे राहणे इंजिनाला चालण्यापेक्षा वाईट असते. आधुनिक चार-स्ट्रोक इंजिनाचा संगणक एकूण तास आणि कोणत्या आरपीएमवर किती तास चालले ते नोंदवून ठेवतो. अधिकृत सेवा केंद्राचा तंत्रज्ञ लॅपटॉप जोडून हा तक्ता काढून देतो. तो मागण्यास संकोच करू नये, आणि विक्रेता टाळाटाळ करत असेल तर त्याचीही नोंद घ्यावी.

प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. त्यांच्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा. बोट नाशिकमध्येच उभी असेल तर अंबड किंवा सातपूरमधील चांगल्या गॅरेजवाल्याकडे यासाठी लागणारा गेज असतोच. मात्र नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी आहे. त्यामुळे आकडा पुस्तकातल्यापेक्षा कमी येणार, हे गृहीत धरून सिलिंडरांची एकमेकांशीच तुलना करावी. याच कारणाने धरणावर नीट जुळलेला प्रोपेलर समुद्रावर जुळेलच असे नाही. इथे कमी ताकदीला साजेसा म्हणून बसवलेला कमी पिचचा प्रोपेलर समुद्रपातळीवर इंजिनाला ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिरवू शकतो.

गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून पहिले थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्यावेत. तेल पारदर्शक, मधाच्या किंवा हिरवट-निळ्या रंगाचे असेल तर ठीक. दुधाळ असेल तर सील गेले आहे. थेंबांआधी निव्वळ पाणीच गळले तर गिअरपेटी उघडल्याशिवाय पुढे बोलू नये. इंजिनाचे झाकण काढून ब्लॉकच्या सांध्यांवर पांढरी भुकटी, फुगलेला रंग आणि गंजलेले क्लॅम्प पाहावेत. अ‍ॅनोड, म्हणजे स्वतः गंजून इंजिन वाचवणारे धातूचे तुकडे, अर्धे झिजलेले असणे चांगले लक्षण आहे. अगदी नवेकोरे असतील तर जुने कधी बदलले ते विचारावे. रंगवलेले असतील तर त्यांचा काहीच उपयोग झालेला नाही.

पेट्रोल आणि टाकी

पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल आउटबोर्ड साधारणपणे दर अश्वशक्तीमागे तासाला 0.38 लिटर पेट्रोल घेते. म्हणजे 200 अश्वशक्तीची दोन इंजिने तासाला दीडशे लिटर. प्रत्यक्षात कोणी सतत असे चालवत नाही. 26–28 फुटांची दोन इंजिनांची खोल तळाची बोट आरामशीर वेगात एका सागरी मैलाला सुमारे तीन लिटर धरावी, आणि समुद्र बिघडला तर चार. मांडवा ते जंजिरा हे अंतर तीस-बत्तीस सागरी मैल आहे. जाऊन-येऊन 64 मैलांना 192 लिटर लागतील. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव, या सर्वमान्य नियमाने टाकीत निघताना 288 लिटर हवेत. दीडशे लिटरच्या टाकीची ‘झकास’ बोट या हिशेबात बसत नाही.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या टाकीत पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. जुन्या रबरी नळ्या या मिश्रणाने आतून सुटू लागतात, आणि फायबरच्या जुन्या टाक्यांना ते मानवत नाही. म्हणून टाकी कशाची आहे, नळ्यांवर उत्पादनाचे कोणते वर्ष छापले आहे आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर कधी बदलला, हे तिन्ही पाहावे. डेकखाली फोममध्ये पुरलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी गंजली तर डेक कापावा लागतो, ही गोष्ट किंमत ठरवताना विसरू नये. बिल्जचे, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साठते त्या पोकळीचे, झाकण उघडताच पेट्रोलचा वास आला, तर कोणतेही बटण न दाबता आधी कारण शोधावे.

समुद्रावरची चाचणी

चाचणीची वेळ विक्रेत्याने ठरवू नये, खरेदीदाराने ठरवावी. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासची दुपार, दोन ते चार, ही सर्वांत बोलकी वेळ आहे. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या दिवशी पाहावा, आणि त्यात धोक्याची सूचना असेल तर बेत रद्द करावा. सोबत त्या भागातला तांडेल अवश्य घ्यावा. त्याला मानधन द्यावे आणि विक्रेत्यासमोर नव्हे, नंतर एकटे गाठून मत विचारावे. रेवदंड्याच्या एका वयस्क तांडेलांनी अशाच एका बोटीबद्दल मला एवढेच सांगितले होते, “दादा, ही उतरताना आवाज करते. चढताना सगळ्याच चांगल्या असतात.” तपासणीचे याहून नेमके सूत्र मला अजून मिळालेले नाही.

पोहोचल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहावा. आधीच गरम असेल तर थंड इंजिन सुरू होताना काय होते ते लपवले जात आहे. ते थंड होईपर्यंत थांबावे. निघण्याआधी बिल्ज कोरडे पुसून घ्यावे. टाकी अर्धी तरी भरलेली असावी आणि बोटीत चार-पाच माणसे असावीत, कारण रिकामी बोट वेगळीच असते. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर आणि किल कॉर्ड, म्हणजे चालक जागेवरून फेकला गेल्यास इंजिन बंद करणारी दोरी, चालकाला बांधलेली हवी. व्हीएचएफ संच (सागरी रेडिओ) चॅनेल 16 वर चालू असावा, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक मोबाइलमध्ये असावा.

प्रथम वाऱ्याच्या तोंडावर 18–20 नॉटने जावे आणि फक्त ऐकावे. चांगल्या बोटीचे टेकणे दबक्या, खोल आवाजाचे असते. सांगाडा सैल झालेल्या बोटीत टेकताना कडक फटका बसतो आणि त्यामागून झाकणे, काच, कन्सोल यांची खडखड येते. मग टॅब खाली करून वेग एकेक नॉटने कमी करत जावा आणि बोट कितीला बसते तो आकडा जीपीएसवरून लिहून घ्यावा. त्यानंतर लाटा कुशीवर घ्याव्यात. शेवटी लाटा मागून घेत परतावे. ही सर्वांत अवघड परीक्षा असते. काही बोटी लाटेच्या उतारावर नाळ खुपसतात आणि स्टिअरिंग न फिरवताही एका बाजूला वळू पाहतात. किंचित ओढ नाळ वर ट्रिम केल्याने जाते. न गेल्यास ती बोट खाडीच्या मुखातून आत आणताना दगा देईल.

पूर्ण थ्रॉटलची चाचणी आडोशाच्या पाण्यात घ्यावी. कमाल आरपीएम उत्पादकाने दिलेल्या पट्ट्यात, उदाहरणार्थ 5000–6000, आले पाहिजे. कमी आले तर प्रोपेलर जड आहे, तळाला शिंपले आहेत किंवा इंजिन थकले आहे. दोन्ही इंजिनांचे तापमान आणि मागून पडणारी पाण्याची धार सारखी असावी. परत आल्यावर बिल्ज पुन्हा उघडावे. आता तिथे दिसणारे पाणी कोठून आले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय जेट्टी सोडू नये.

कागद, वाहतूक आणि विसार

महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणी, चालू सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा आणि आयात बोट असल्यास सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री हे कागद मूळ स्वरूपात पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचे पत्र घ्यावे. व्हीएचएफ संचाचा परवाना वेगळा असतो आणि तो बोटीबरोबर आपोआप येत नाही. मालकी बदलाची प्रक्रिया आणि बोट चालवणाऱ्याकडे कोणता दाखला हवा, हे मंडळाच्या बंदर कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. मध्यस्थाच्या ‘मी करून देतो’ यावर पैसे सोडू नयेत.

बोट ट्रेलरवरून नाशिकला आणण्याचा विचार असेल तर तिची रुंदी मोजावी. रस्त्यावरील वाहनाला सर्वसाधारणपणे 2.6 मीटर रुंदीची मर्यादा आहे आणि साडेआठ फूट रुंदीची बोट त्यात जेमतेम बसते. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या ट्रेलरचे बेअरिंग आणि ब्रेक कसारा घाट चढण्याआधी उघडून पाहिलेच पाहिजेत. पावसाळ्यात बोट इकडे आणून ठेवणे फायद्याचे आहे, कारण नाशिकची हवा खारी नाही. मात्र द्राक्षबागेच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर गंधकाची पोती आणि बोट एका छताखाली ठेवू नयेत, कारण गंधक तांब्याच्या वायरी आणि जोड खाते. उंदरांचा बंदोबस्तही करावा. त्यांना इंजिनाचे हार्नेस फार आवडते. बूच काढून नाळ थोडी वर ठेवली की आत गळणारे पावसाचे पाणी साचत नाही.

खरेदीच्या रकमेशिवाय तिच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या हंगामासाठी बाजूला ठेवावी. इम्पेलर, नळ्या, फिल्टर, बॅटऱ्या, ट्रेलर आणि दोन बिल्ज पंप यांत ती सहज जाते. सौदा मे महिन्याच्या सुरुवातीला करावा. तेव्हा चाचणीपुरता वारा असतो, आणि पावसाळ्यातील जागाभाडे टाळण्यासाठी विक्रेताही दोन पावले खाली येतो. विसाराची पावती साध्या कागदावर न घेता दोन अटी स्पष्ट लिहून घ्यावी : समुद्रावरील चाचणी खरेदीदाराने ठरवलेल्या दिवशी व वेळी होईल, आणि स्वतंत्र सर्वेक्षकाच्या अहवालात ट्रान्सम, स्ट्रिंगर किंवा गिअरपेटीत दोष आढळल्यास विसार पूर्ण परत मिळेल.